तगरच्या गाड्या, भडोचचा पहारा

लातूरहून अरबी समुद्र रस्त्यानं चारशे किलोमीटरच्या पुढं आहे, नांदेडहून तर आणखी लांब. मराठवाड्याच्या इतिहासात गलबतं शोधायला निघालेल्या माणसाकडं लोक जरा संशयानंच बघतील. आपल्याकडं इतिहास म्हटला की देवगिरी, अजिंठा-वेरूळ, कंधारचा किल्ला, फार तर निजाम आणि रझाकार. तरीही दोन हजार वर्षांपूर्वी या पठारावरच्या राजांनी केलेलं एक मोठं युद्ध समुद्रकाठासाठी होतं, आणि तेरणेकाठच्या विणकराला त्याची झळ बसल्याशिवाय राहिली नसणार.

या गोष्टीचा मुख्य साक्षीदार परका आहे. इजिप्तमध्ये राहणारा, ग्रीक भाषेत लिहिणारा हा व्यापारी. त्यानं आपलं नाव कुठं लिहून ठेवलं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला त्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतची बंदरं, तिथं विकला जाणारा माल, वारे, खडक आणि राजे यांची टिपणवही तयार केली. 'पेरिप्लस' या नावानं ती ओळखली जाते. माणूस व्यवहारी, वर्णनात रमणारा नव्हे. भडोचबद्दल लिहिता लिहिता तो आत वळतो आणि सांगतो की दक्षिणेकडं वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, तिथून पूर्वेकडं दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड येतात, तगरहून जाडंभरडं कापड मोप येतं आणि तलम मलमलही येते. हा सगळा माल रस्ता म्हणावा असा रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला उतरतो.

तगर म्हणजे कोणतं गाव, यावर एकोणिसाव्या शतकात बरीच डोकेफोड झाली. कुणी जुन्नर म्हणे, कुणी दौलताबाद, कुणी धारूर. १९०१ मध्ये फ्लीट या पुराभिलेखतज्ज्ञानं ढोकीजवळच्या तेरकडं बोट दाखवलं आणि पुढं उत्खननांनी त्याला दुजोरा दिला. संत गोरोबाकाकांचं तेच हे तेर. आज ते धाराशिव जिल्ह्यात येतं. १९८२ पर्यंत लातूरही त्याच जिल्ह्यात होतं. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीतून निघालेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, त्यांच्याच नावानं तिथलं शासकीय संग्रहालय उभं आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती नीट बघावी. अंगावर दागिन्यांची दाटी, पायांत घोट्याच्या बऱ्याच वरपर्यंत चढलेल्या कड्यांच्या चळती. हिच्या जातकुळीतली दुसरी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईला सापडली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून पोचली होती. तेरमध्ये रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकंही मिळाली आहेत. गळ्यात घालायची असावीत. रोमच्या बादशहाचा मुखवटा तेरणेकाठी दागिना म्हणून मिरवला जात होता, तो कुणाचा हे घालणाऱ्याला ठाऊक असो वा नसो.

आता नकाशा समोर घेऊ. पैठणहून सरळ रेघ मारली तर कल्याण साधारण अडीचशे किलोमीटर भरतं, भडोच साडेतीनशे. मग जवळचं सोडून व्यापारी शंभर किलोमीटर लांब का जात होते? एक कारण घाटांचं आहे. नाणेघाट पाहिलेल्याला सांगायला नको, तिथून गाडी उतरत नाही. माल बैलांच्या, गाढवांच्या पाठीवर लादून उतरवावा लागतो. तरीही पैठणच्या सातवाहनांनी हा घाट बांधून काढला होता, माथ्यावर राणी नागनिकेचा लेख कोरवला होता, आणि तिथला दगडी रांजण जकातीच्या नाण्यांचा म्हणून आजही दाखवतात. म्हणजे कल्याणची वाट अवघड असली तरी वाहती होती.

दुसरं कारण पेरिप्लसकारानं स्वतःच दिलं आहे, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तो म्हणतो की थोरल्या सारगनसाच्या, म्हणजे बहुधा सातकर्णी नावाच्या एका सातवाहन राजाच्या, काळात कल्याण हे रीतसर व्यापारी बंदर होतं. पुढं ते संदनेसाच्या हाती गेल्यावर तिथल्या व्यापाराला फार अडथळे आले. आता कुणी ग्रीक जहाज तिथं लागलंच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. संदनेस कोण, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण पहारा कुणाच्या फायद्याचा होता हे उघड आहे. भडोचला क्षहरात घराण्यातला क्षत्रप नहपान राज्य करत होता.

या पहाऱ्याला आज आपण नाकेबंदी म्हणू. मोठी आरमारी लढाई नाही, गलबतांवर गलबतं आदळली नाहीत. किनाऱ्यावर काही सशस्त्र होड्या ठेवायच्या, परदेशी तांडेलाला हात धरून आपल्या बंदरात आणायचं आणि जकात आपल्या पेढीत घ्यायची. शत्रूचं शहर न जिंकता त्याचं उत्पन्न वळवायची ही युक्ती. त्यातून तेरच्या कापडालाही नहपानाच्या नाक्यावरूनच जावं लागत होतं. मुंबई बंदरात परदेशी तुरीची जहाजं लागली की लातूरच्या आडतीत भाव हलतो, हे ज्यानं बघितलंय त्याला पठाराचं नशीब धक्क्यावर कसं ठरतं हे वेगळं समजावून द्यावं लागणार नाही.

भडोचनं हे पद फुकट मिळवलं नव्हतं. नर्मदेचं मुख फसवं, वाळूचे दांडे बदलत राहतात, आणि भरतीचं पाणी भिंतीसारखं गरजत आत शिरतं. बेसावध जहाज त्यात उलटंपालटं होतं. म्हणून राजाच्या नोकरीतले कोळी लांबट होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. पेरिप्लसनं त्या होड्यांची नावंही दिली आहेत, त्रप्पग आणि कोटुंब. ते जहाजाला दोर बांधत, वल्ही मारत, भरतीबरोबर पुढं सरकत आणि ओहोटीत ठरलेल्या खोल डोहात थांबत. त्या काळच्या नौसत्तेचा अर्थ लढाऊ गलबतं एवढाच नव्हता. पाण्याची वाट दाखवणारा माणूस ज्याच्या पगारावर, समुद्र त्याचा.

या व्यापारात पैसा किती होता? ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोच्या वेळी इजिप्तच्या एका मायोस हॉर्मोस बंदरातून वर्षाला १२० जहाजं हिंदुस्थानकडं सुटत होती. रोमन लेखक थोरला प्लिनी कुरकुरतो की हिंदुस्थान दरसाल ५ कोटी सेस्टर्स रोमकडून ओढून नेतं. भडोचला इटालियन दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं उतरत होतं. राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुलं आणि सुंदर दासी येत. याशिवाय सोन्याचांदीची नाणी, जी स्थानिक चलनात बदलताना व्यापाऱ्याला चांगला नफा देत. सातवाहनांची नाणी तोवर बहुतेक शिशाची, तांब्याची, पोटीन नावाच्या मिश्रधातूची. नहपानाकडं मात्र चांदीच्या नाण्यांचा पाऊस. पैठण आणि भडोच यांच्यातला फरक या दोन धातूंवरूनच कळतो.

ऋतूंचं गणितही यात होतं. इजिप्तहून निघालेली जहाजं नैर्ऋत्य वाऱ्यावर पावसाळ्याच्या अखेरीस इकडं पोचत आणि मार्गशीर्ष-पौषात परतीला लागत. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात गाडी जू-साट्यापर्यंत रुतते. दसऱ्यानंतर जमीन वाळायची, मग तेरच्या गाड्या निघायच्या. तेर ते भडोच तीस दिवस, म्हणजे जहाजं सुटायच्या आत जेमतेम पोचायचं. वाटेत एखाद्या नाक्यावर आठ-पंधरा दिवस अडवलं तर वर्षाचा हंगाम गेला. शत्रूला एवढं पुरेसं असतं.

नहपानाचा जावई उषवदात. त्याचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहेत आणि वाचताना वाटतं, हा माणूस दान देता देता आपल्या राज्याचा रस्ते-नकाशाच कोरतोय. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर त्यानं फुकट नावा ठेवल्या. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथं धर्मशाळा बांधल्या. गोवर्धनच्या, म्हणजे नाशिकजवळच्या, विणकरांच्या श्रेणींकडं ३,००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले, त्यातले २,००० महिना शेकडा एक व्याजानं आणि १,००० पाऊण टक्क्यानं. पुण्य त्याला मिळालंच असेल. पण किनाऱ्याला समांतर जाणारा सगळा रस्ता, नदीनदीवरच्या नावांसह, एका घराण्याच्या हाती आला होता हेही त्या लेखांतून दिसतं. कल्याणला जाऊ न दिलेला माल भडोचपर्यंत विनाअडचण पोचावा याची ती व्यवस्था होती, असं मी तरी वाचतो.

पैठणकरांनी याला उत्तर काय दिलं? जैनांच्या आवश्यकसूत्रावरच्या टीकापरंपरेत एक कथा आहे. भडोचचा नहवाण कोशानं संपन्न, पैठणचा सालवाहन सैन्यानं. सालवाहन पुन्हा पुन्हा भडोचला वेढा घालतो. नहवाण शत्रूच्या शिपायाचं मुंडकं आणणाऱ्याला बक्षीस लावतो, आणि पैसा वाटून वाटून वेढा परतवतो. तेव्हा सालवाहनाचा अमात्य आपल्या राजाशी भांडण झाल्याचं सोंग करतो, भडोचला आश्रय घेतो, नहवाणाचा विश्वास मिळवतो आणि त्याच्या कानी लागतो की महाराज, एवढं द्रव्य साठवून काय करता, देवळं बांधा, तळी खोदा, दान करा. खजिना रिकामा होतो. पुढच्या स्वारीत बक्षिसाला पैसा उरत नाही आणि भडोच पडतं. कथा ती कथा. पण उषवदाताची दानांची यादी ज्यानं वाचली आहे त्याला तो अमात्य आठवून हसू आल्याशिवाय राहत नाही. आणि कथेला एक गोष्ट नेमकी कळली आहे: भडोचचं बळ तटात नव्हतं, तिजोरीत होतं.

शिलालेख दुसरीकडं बोट दाखवतात. गौतमीपुत्र सातकर्णीनं आपल्या कारकिर्दीच्या १८ व्या वर्षी विजयी सैन्यतळावरून नाशिकला हुकूम धाडला: पूर्वी उषवदाताकडं असलेलं शेत आता भिक्षूंना द्यावं. त्याच १८ व्या वर्षाचा दुसरा हुकूम कार्ल्याच्या लेण्यात आहे, मामाल म्हणजे मावळच्या अमात्याला उद्देशून. त्यातलं राजाचं नाव झिजलं आहे, पण तो गौतमीपुत्राचाच मानतात. नाशिक थळघाटाच्या डोक्यावर, कार्ले बोरघाटाच्या. एका वर्षात दोन्ही घाटमाथे. आरमार नसलेल्या राजानं समुद्राची लढाई डोंगरावर लढली. बंदरात पहारा तुमचा असेल, पण बंदरात येणारं कापड आणि दगड आमच्या घाटातून उतरतात. घाट बंद केला की धक्क्यावर रिकामं जहाज उभं राहतं.

त्याची आई गौतमी बलश्री. तिनं नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी नाशिकच्याच लेण्यात मुलाची लांबलचक प्रशस्ती कोरवली. क्षहरातांचा वंश त्यानं उरू दिला नाही, असं ती म्हणते. त्याच्या घोड्यांनी तिन्ही समुद्रांचं पाणी प्यायल्याचा अभिमान तीत आहे. जहाजांचा मात्र उल्लेख नाही. प्रदेशांच्या यादीत अपरांत म्हणजे कोकण आहे, सुराष्ट्र आहे, पैठणचा मुळक आहे आणि नांदेडच्या बाजूचा अश्मकही आहे. अश्मकांची जुनी राजधानी पोदन म्हणजे धर्माबाद-बिलोलीपलीकडचं बोधन, असं बहुतेक अभ्यासक मानतात. समुद्रापासून सर्वांत लांबचा आणि सर्वांत जवळचा मुलूख एकाच दमात मोजला गेला आहे.

विजयाचा पुरावा मात्र लेखापेक्षा नाण्यात जास्त बोलका आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी १३,२५०. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारला होता. एक नाणं हातात घेतल्यासारखं बघू. एका बाजूला नहपानाचा डोईवर पट्टा बांधलेला चेहरा, कडेनं ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. त्यावर, नाकाडोळ्यांची पर्वा न करता, तीन कमानींचा डोंगर आणि खाली नदीची नागमोडी रेघ ठोकलेली. भोवती सातकर्णीचं नाव. गाल चेपला गेलाय, पण ओळखू येतो. चांदी वितळवून नवं नाणं पाडायला वेळ नव्हता किंवा गरजही नव्हती. व्यापाऱ्यांनी हेच नाणं घ्यायचं, फक्त मालक बदलला. ही घटना पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातली की दुसऱ्याच्या सुरुवातीची, हा वाद चालू आहे. पण यानंतर सातवाहन स्वतःचं मुखचित्र असलेली चांदीची नाणी पाडू लागले, यात वाद नाही.

विजय टिकला नाही. जुनागडच्या खडकावर क्षत्रप रुद्रदामन शके ७२ च्या, म्हणजे इसवी सन १५० च्या लेखात सांगतो की दक्षिणापथपती सातकर्णीला मी दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून उखडलं नाही. नात्याचा धागा कान्हेरीच्या लेखातही आहे. रुद्रदामनाच्या यादीत अपरांत पुन्हा क्षत्रपांकडं. पुढं यज्ञ सातकर्णीनं किनारा परत मिळवला. १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उघडला तेव्हा त्याचं चांदीचं नाणं आत निघालं. म्हणजे तीन-चार पिढ्या हा रस्सीखेच खेळ चालू होता.

पश्चिमेचं दार असं उघड-मीट होत असताना सातवाहनांनी पूर्वेचं दार धरलं, आणि इथं नांदेडची बाजू पुढं येते. तेरणा औसा-निलंग्याकडून मांजरेत मिसळते, मांजरा बीदरला वळसा घालून देगलूर-बिलोलीच्या अंगानं वर येते आणि कंदकुर्तीला गोदावरीला भेटते. गोदाकाठानं तसंच खाली गेलं की कोटिलिंगाला लागतं, सातवाहनांच्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांचं ठिकाण, आणि शेवटी आंध्रचा किनारा. पेरिप्लसकार तगरबद्दल लिहिताना किनाऱ्याकडच्या भागातून तिथं येणाऱ्या मालाचाही उल्लेख करतो. तो किनारा पूर्वेचा असावा, असं अनेकांचं मत आहे. त्याच पूर्व किनाऱ्यावर सातवाहनांची शिशाची नाणी मिळतात, आणि त्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. तिन्ही समुद्रांचा अभिमान सांगणाऱ्या घराण्याला जहाज नाण्यावर घालावंसं वाटलं ते बंगालच्या उपसागराकडं, अरबी समुद्राकडं नाही. मला हा योगायोग वाटत नाही. तिकडं अडवायला क्षत्रप नव्हता.

तिसऱ्या शतकानंतर रोमचा व्यापार आटला, तेर आक्रसलं. पण मराठवाड्यातल्या गावांची नावं किनाऱ्यावर दुसऱ्याच रूपात पोचली. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरपुरवराधीश्वर म्हणवत. ते लट्टलूर म्हणजे लातूर. तिसऱ्या कृष्णानं कंधारचं नाव बिरुदात घेतलं. उत्तर कोकणच्या शिलाहारांचं बिरुद होतं तगरपुरवराधीश्वर. मुळात तेरकडचं म्हणवणारं घराणं, आणि हातात ठाणं, सोपारा, चौल.

राष्ट्रकूटांनी क्षत्रपांची युक्ती उलटी वापरली. परक्या जहाजांना अडवण्याऐवजी परक्या माणसालाच बंदर सोपवलं. चिंचणीच्या ९२६ च्या ताम्रपटात संजाणचा कारभारी मधुमती, म्हणजे महंमद नावाचा अरब. त्यानं आसपासच्या बंदरांचे मुखत्यार जिंकून तिथं आपली माणसं बसवली, आणि लोकांसाठी फुकट नावाही ठेवल्या. उषवदाताची आठवण यावी असंच. त्या सुमारास येऊन गेलेला अरब प्रवासी मसूदी चौलमध्ये सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती नोंदवतो, आणि अरब व्यापारी बल्हराचं, म्हणजे राष्ट्रकूट राजाचं, कौतुक करताना थकत नाहीत. व्यापाऱ्याला नीट वागवलं की तो उत्तम प्रचारक होतो.

खरीखुरी समुद्रावरची लढाई मात्र यादवांनी दिली. देवगिरीचा महादेव गादीवर आला १२६१ मध्ये. कोकणच्या शेवटच्या शिलाहाराचं, सोमेश्वराचं, राज्य त्याला हवं होतं. जमिनीवर हरल्यावर सोमेश्वर गलबतांवर चढला. पाणी आपलं घर आहे, पठारी माणूस इथं काय करणार, असा त्याचा हिशेब असावा. महादेवाची गलबतंही पाठीमागं आली. सोमेश्वर बुडाला. महादेवाचा मंत्री हेमाद्री प्रशस्तीत टोमणा मारतो की त्याला महादेवाच्या क्रोधापेक्षा समुद्रातला वडवानल बरा वाटला. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्हेकऱ्यांच्या रांगा असलेली जहाजं कोरली आहेत, ती याच लढाईची असं अनेक जण मानतात. काहींना ती त्याहून दोनशे वर्षं जुनी वाटतात. कशीही असली तरी वल्ही मोजता येतील इतकी स्पष्ट आहेत. तगरपुरवराधीश्वर बिरुद लावणारा राजा मराठवाड्यातूनच गेलेल्या सैन्याकडून समुद्रात संपला.

देवगिरीला आता किनारा मिळाला. तो हवा होता तो मुख्यतः घोड्यांसाठी. अरबस्तान आणि इराणचे घोडे समुद्रमार्गे येत, दख्खनच्या हवेत त्यांची पैदास नीट होत नसे, आणि घोडदळ तर दर वर्षी लागायचं. मार्को पोलो ठाण्याबद्दल जे लिहितो त्यावरून ही निकड कळते. ठाण्याच्या राजानं चाच्यांशी करार केला होता: लुटीतले घोडे राजाचे, बाकी माल चाच्यांचा. बाराशे वर्षांपूर्वी कल्याणच्या वाटेवर जहाज अडवून जकात घेतली जात होती. आता त्याच खाडीच्या तोंडावर घोडे उतरवून घेतले जात होते. यादव राजा रामचंद्रदेवाच्या राज्यात कोकणावर देवगिरीचा सुभेदार होता, त्यामुळे हे त्याच्या नकळत चाललं असेल असं मानणं अवघड आहे. अशानं पागा एका वर्षी भरते, पण पुढच्या हंगामात घोड्यांचा सौदागर दुसऱ्या बंदराला नांगर टाकतो. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी घोडेस्वार घेऊन नर्मदा ओलांडून, जमिनीच्या वाटेनं देवगिरीखाली आला. तेव्हा मुख्य सैन्य राजपुत्र शंकरदेवाबरोबर दूर होतं, आणि किल्ल्यात धान्य समजून नेलेल्या पोत्यांत मीठ निघालं, असं सांगतात. मीठही कोकणातूनच वर येत होतं.